पक्षाच्या उंबरठ्यावरील मतदार

(प्रस्तावना)

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी मराठी वाचकाचे कुतूहल पुष्कळ आहे. परंतु ते बहुधा नोव्हेंबरातील एका मंगळवाराभोवतीच घोटाळत राहते, आणि त्या मंगळवारी जी नावे मतदारापुढे येतात ती तेथवर कोणी आणली, ज्यांनी आणली त्यांस तो अधिकार कोणी दिला, आणि ज्यांस तो मिळाला नाही त्यांनी दाद कोठे मागितली, हा सगळा मजकूर आपल्याकडील लेखनात एखाद्या वाक्यात उरकला जातो. हे आपल्या सवयीचेच फळ आहे. आपल्याकडे उमेदवारी वरून येते. दिल्लीतील संसदीय मंडळ, मुंबईतील पक्षश्रेष्ठी, निरीक्षकांचे अहवाल आणि अखेरच्या रात्री हाती पडणारा एबी फॉर्म या वाटेनेच ती यावयाची, आणि मतदारानेच काय, पक्षाच्या साध्या सभासदानेही ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावयाची, हे आपण मुकाट्याने मान्य करून टाकले आहे. २०१४ साली काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत, आणि त्यांत आपल्याकडील वर्धा व लातूर येथे, पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरविण्याचा प्रयोग केला होता. पण तेथेही मताचा हक्क पदाधिकारी व कार्यकर्ते यांच्या यादीपुरताच राहिला, आणि प्रयोग रुजला नाही.

अमेरिकेत प्रकार निराळा. तेथे पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी जी निवडणूक होते, जिला तेथील लोक प्रायमरी म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी सरकारच घेते. मतपत्रिका सरकारी, मतदान केंद्रे सरकारी, मतमोजणी करणारे अधिकारी सरकारी, आणि खर्च सार्वजनिक तिजोरीतून. असे असता या सगळ्या सरकारी खटाटोपातून जे निष्पन्न होते ते मात्र एका खाजगी मंडळीचे उमेदवारपत्र! रिपब्लिकन पक्ष अथवा डेमोक्रॅटिक पक्ष ही राज्ययंत्रणेची खाती नव्हेत; त्या स्वेच्छेने एकत्र आलेल्या नागरिकांच्या संस्था आहेत, आणि कोणास आपले म्हणावे हे ठरविण्याचा हक्क संस्थेस असतो. मग सरकारी खर्चाने चाललेल्या या निवडीत मत कोणी द्यावे? जो स्वतःस त्या पक्षाचा म्हणवितो त्याने, की ज्या कोणाच्या करातून ती चालते त्या प्रत्येकाने? प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे. तो दिसावयास कारकुनी आहे, नोंदणीच्या अर्जावरील एका रकान्याचा आहे. परंतु पक्ष म्हणजे कोण, आणि त्याची मालकी कोणाची, याचा निवाडा त्या रकान्यातच होतो, अशी आमची समजूत आहे.

नवख्या वाचकास प्रथम या प्रदेशाचा नकाशा हवा. देश एक असला तरी निवडणुकीचे कायदे पन्नास राज्यांचे पन्नास, आणि त्यांत सुमारे तीस राज्ये मतदाराची नोंदणी करतानाच त्याचा पक्ष विचारून तो दप्तरात लिहून ठेवतात. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, केंटकी या राज्यांत ज्याची जी नोंद त्याने त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत द्यावयाचे, आणि ज्याने कोणताच पक्ष लिहिला नाही त्याने घरी बसावयाचे. यास बंद पद्धती म्हणतात. याच्या दुसऱ्या टोकास विस्कॉन्सिन व मिशिगन यांची खुली पद्धती. तेथे पक्षाची नोंदच नसते. मिशिगनच्या ऑगस्टातील प्रायमरीत मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका पडते, तीवर दोन्ही पक्षांचे स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि कोणत्या स्तंभात खूण करावयाची हे तो आडोशामागे एकटाच ठरवितो. मात्र एक नाव या स्तंभातले आणि एक त्या स्तंभातले असे केले, की पक्षीय पदांपुरते त्याचे मत बाद. टेक्ससमध्येही पक्षनोंद नाही, पण मार्चच्या प्रायमरीत ज्या पक्षाची मतपत्रिका मागितली त्याची खूण मतदाराच्या नावापुढे पडते, आणि मे महिन्यात फेरमतदान झाल्यास त्यास त्याच पक्षाकडे जावे लागते.

मधली राज्ये अधिक मनोरंजक आहेत. न्यू हॅम्पशरमध्ये ज्याने पक्ष जाहीर केलेला नाही असा मतदार प्रायमरीच्या दिवशी टेबलापाशी येतो, दोहोंपैकी एक मतपत्रिका मागतो, आणि ती हाती घेताक्षणी त्या पक्षाचा सभासद म्हणून लिहिला जातो. मत देऊन बाहेर पडताना दाराजवळच एका कार्डावर सही केली, की तो पुन्हा पूर्ववत पक्षविरहित! त्याचे पक्षीय आयुष्य काही मिनिटांचे असते, तरीही कायद्याच्या दृष्टीने ते खरे असते. कोलोरॅडोने २०१६ साली जनमताने कायदा केला, आणि तेव्हापासून पक्षविरहित मतदाराच्या घरी टपालाने दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका येतात. परत एकच पाठवावयाची असते, दोन्ही पाठविल्या तर दोन्ही रद्द. ओहायोत मागच्या प्रायमरीत तुम्ही कोणाची मतपत्रिका घेतली होती यावरूनच तुमचा पक्ष समजला जातो. पक्षनिष्ठा ही अंतःकरणातील गोष्ट कायद्याच्या भाषेत बसविण्याचे हे नाना यत्न आहेत, आणि त्यांतील एकही पूर्णपणे यशस्वी झाला आहे असे आम्हांस वाटत नाही.

ही व्यवस्था एकाएकी उभी राहिली नाही. प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या दशकांत अध्यक्षपदाचे उमेदवार काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सभासद आपापल्या पक्षाच्या बैठकीत ठरवीत. १८२४ साली अशा बैठकीने विल्यम क्रॉफर्ड यांस पुढे केले, लोकांनी मात्र सर्वाधिक मते अँड्र्यू जॅक्सन यांस दिली, आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले. त्या गोंधळात ती जुनी रीत बुडाली. १८३१ साली बाल्टिमोर येथे अँटी-मेसॉनिक पक्षाने राष्ट्रीय अधिवेशन भरवून उमेदवार निवडला, आणि तोच पायंडा इतरांनी उचलला. अधिवेशने दिसावयास प्रातिनिधिक होती. प्रतिनिधी मात्र शहराशहरांतील पक्षधुरीणांच्या मुठीत असत. १८४२ साली पेनसिल्व्हेनियातील क्रॉफर्ड काउंटीत डेमोक्रॅट मंडळींनी सभासदांच्या प्रत्यक्ष मताने उमेदवार निवडला खरा, परंतु तो पक्षाचा घरगुती मामला होता, सरकारचा त्याशी संबंध नव्हता.

संबंध आला तो एका अगदी निराळ्या सुधारणेच्या पाठीमागून. १८८८ पर्यंत अमेरिकेत मतपत्रिका पक्षच छापीत व आपल्या मतदारांच्या हाती देत. त्या सालापासून ऑस्ट्रेलियन पद्धतीची, सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका राज्याराज्यांत आली. आता सरकारी कागदावर रिपब्लिकन या शीर्षकाखाली नाव छापावयाचे तर ते कोणाचे, हे सरकारास कायद्याने ठरविणे भाग पडले, आणि एकदा सरकार दारात आले ते परत गेले नाही. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांस १८९६ व १८९८ या दोन्ही साली पक्षाच्या अधिवेशनाने राज्यपालपदाची उमेदवारी नाकारली होती. १९०० मध्ये ते राज्यपाल झाले, १९०३ मध्ये त्यांनी प्रत्यक्ष प्रायमरीचा कायदा संमत करून घेतला, १९०४ मध्ये जनतेने त्यास कौल दिला, आणि १९०६ पासून त्याचा अंमल सुरू झाला. ला फॉलेट यांनी मतदारास पक्ष विचारलाच नाही, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढील पाऊणशे वर्षांनी त्यांच्याच राज्याशी डेमोक्रॅटिक पक्षाचा जो तंटा झाला त्याचे बीज येथे आहे.

अध्यक्षपदाच्या बाबतीत प्रायमरीचे वर्चस्व फार उशिरा आले. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुसंख्य प्रायमरी जिंकूनही अधिवेशनाने टाफ्ट यांनाच निवडले. आणि १९६८ साली ह्यूबर्ट हंफ्री एकाही प्रायमरीत न उतरता शिकागो येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, तेव्हा सभागृहाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या होत्या. त्या बदनामीनंतर मॅकगव्हर्न–फ्रेझर समितीने नियम बदलले, आणि १९७२ पासून प्रतिनिधी मुख्यतः मतदारांनीच निवडावयाचे हे रूढ झाले. प्रायमरीत मत कोणाचे, या प्रश्नास आजचे वजन आले ते तेव्हापासून.

परंतु या प्रश्नाची खरी कसोटी त्यापूर्वीच दक्षिणेत लागली होती, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. त्या काळी टेक्सससारख्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षास प्रतिस्पर्धीच नव्हता; प्रायमरी जिंकणे म्हणजेच पद जिंकणे, नोव्हेंबरातील मतदान हा केवळ उपचार. १९२३ साली टेक्ससने कायदाच केला, की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांस मत नाही. एल पासो येथील वैद्य डॉ. लॉरेन्स निक्सन यांनी फिर्याद केली, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द ठरविला. राज्याने युक्ती केली. मताधिकार ठरविण्याची मुखत्यारी पक्षाच्या कार्यकारी समितीस दिली. निक्सन पुन्हा न्यायालयात गेले, आणि १९३२ साली ही मुखत्यारीही राज्यानेच दिलेली असल्याने ती अवैध ठरली. मग पक्षाच्या अधिवेशनाने आपण होऊन ठराव केला, की आमचे सभासदत्व श्वेतवर्णीयांपुरते. आणि १९३५ साली त्याच न्यायालयाने एकमताने सांगितले, की खाजगी संस्थेने आपले सभासद कोणास करावे हा तिचा प्रश्न, राज्याचा त्यात हात नाही!

नऊ वर्षांनी हा फैसला उलटला. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या वतीने थर्गुड मार्शल यांनी चालविलेल्या खटल्यात १९४४ साली न्यायालयाने ठरविले, की जी निवडणूक राज्याच्या कायद्याने बांधलेली आहे व जिच्यातून राज्याचे अधिकारी निवडले जातात तीत पक्ष हा राज्याचाच हस्तक होय. यावरही उत्तर निघाले. दक्षिण कॅरोलिनाने प्रायमरीविषयीचे आपले सगळेच कायदे पुसून टाकले, म्हणजे राज्याचा संबंधच उरू नये. टेक्ससच्या फोर्ट बेंड काउंटीत जेबर्ड असोसिएशन नावाची श्वेतवर्णीयांची एक जुनी मंडळी होती. ती अधिकृत प्रायमरीच्याही आधी आपले खाजगी मतदान घेई, तिचा उमेदवार पुढे प्रायमरीत व निवडणुकीत बहुधा बिनविरोध निवडून येई, आणि सरकारी दप्तरात तिचा कोठे उल्लेखही नसे. १९५३ साली न्यायालयाने तीही पद्धत मोडली. खाजगी संस्थेच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद आज कोणी कितीही शुद्ध हेतूने मांडो, फोर्ट बेंड काउंटीची आठवण ठेवूनच तो ऐकला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आणि तरीही तो युक्तिवाद निकालात निघालेला नाही. १९७३ नंतरच्या निवाड्यांत तो नव्या बळाने परत आला. १९८१ साली न्यायालयाने म्हटले, की विस्कॉन्सिनने खुल्या प्रायमरीतून निवडलेले प्रतिनिधी स्वीकारण्याची सक्ती राष्ट्रीय डेमोक्रॅटिक पक्षावर करता येणार नाही. १९८६ साली कनेक्टिकटचा रिपब्लिकन पक्ष उलट मागणी घेऊन आला: आम्हांस पक्षविरहित मतदार हवे आहेत, राज्याचा कायदा आम्हांस दार उघडू देत नाही, तेव्हा न्यायालयाने पक्षाचीच बाजू घेतली. २००० साली कॅलिफोर्नियाची सरमिसळ प्रायमरी, जीत मतदार एका पदास या पक्षाचा तर दुसऱ्या पदास त्या पक्षाचा उमेदवार निवडू शके, अवैध ठरली. पण २००५ साली ओक्लाहोमातील लिबर्टेरियन पक्षाने दार सताड उघडू द्या म्हटले, तेव्हा मात्र न्यायालयाने नकार दिला, कारण तो पक्ष इतर पक्षांत नोंदलेल्या मतदारांनाही आत घेऊ पाहत होता. या फैसल्यांतून एकच सूत्र काढू पाहणाऱ्या अभ्यासकाची दमछाक होते; आमचीही झाली.

अभ्यासकांत स्थूलमानाने दोन संप्रदाय आहेत. एकाचे आद्य आचार्य ई. ई. शॅटश्नायडर. १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादन केले, की उमेदवारी देण्याची सत्ता ज्याच्या हाती त्याचाच पक्ष, आणि लोकशाहीचे रक्षण पक्षांच्या परस्पर स्पर्धेने होते, प्रत्येक पक्षाच्या पोटात मतदान भरवून नव्हे. १९५० साली अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या समितीने जबाबदार पक्षपद्धतीचा पुरस्कार करताना बंद प्रायमरीसच अनुकूलता दर्शविली, ती याच विचारधारेतून. दुसरा संप्रदाय ला फॉलेट यांच्या पिढीतील सुधारकांचा: पक्ष ही मतदाराच्या सोयीची गोष्ट आहे, मतदार पक्षाच्या सोयीचा नव्हे. अलीकडे याच संप्रदायातील काहींनी असा दावा मांडला, की प्रायमरी खुली केली म्हणजे टोकाचे उमेदवार मागे पडून मवाळ पुढे येतील. दावा आकर्षक आहे. परंतु राज्याराज्यांच्या विधिमंडळांतील मतांची छाननी करणाऱ्या संशोधकांस खुल्या व बंद पद्धतीच्या राज्यांत तसा ठळक फरक आढळला नाही.

बंद पद्धतीच्या समर्थकांचे मोठे भय म्हणजे घुसखोरीचे. शेजाऱ्याच्या घरी वरसंशोधन चालले असता आपण मुद्दाम जाऊन एखादे कुचकामी स्थळ सुचवावे, तसा प्रतिपक्षाचा मतदार येऊन दुबळा उमेदवार निवडून देईल, हे ते भय. २००८ साली रश लिंबॉ या रेडिओवक्त्याने आपल्या रिपब्लिकन श्रोत्यांस डेमोक्रॅटिक प्रायमरीत जाऊन हिलरी क्लिंटन यांस मत द्या, म्हणजे तिकडील भांडण लांबेल, असा उघड आदेश दिला होता. तथापि पक्षाची सीमा ओलांडणारे बहुतेक मतदार कपटाने येत नाहीत. २०१४ साली मिसिसिपीतील रिपब्लिकन फेरमतदानात अनेक कृष्णवर्णीय डेमोक्रॅटांनी थॅड कॉक्रन यांस मत दिले, कारण दोहोंपैकी तेच त्यांस खरोखर बरे वाटले, आणि त्या राज्यात सिनेटरची निवड प्रत्यक्षात तेथेच होत होती. पराभूत गटाने आकांत केला; वायोमिंगमध्ये लिझ चेनी यांच्या २०२२ च्या रिपब्लिकन प्रायमरीनंतर तर उमेदवारी अर्ज भरण्यास आरंभ झाला की पक्ष बदलता येणार नाही, असा कायदाच झाला.

मुदतीचा प्रश्न यातूनच येतो, आणि सामान्य माणसास खरा फटका बसतो तो मुदतीचाच. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी पक्ष बदलावयाचा तर आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी अर्ज करावा लागे, आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ती मुदत मान्य केली. त्याच वर्षी इलिनॉयची तेवीस महिन्यांची अट मात्र त्याने रद्द केली. न्यूयॉर्कच्या मुदतीचा परिणाम २०१६ साली जगाने पाहिला. १९ एप्रिलच्या न्यूयॉर्क प्रायमरीसाठी पक्ष बदलण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपली होती, आणि डोनाल्ड ट्रम्प यांची कन्या इव्हांका व पुत्र एरिक या दोघांची रिपब्लिकन म्हणून नोंद नसल्याने त्यांस आपल्या जन्मदात्यासच मत देता आले नाही! पुढे न्यूयॉर्कने ही मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत आणली. २०१६ सालीच कॅलिफोर्नियात एक निराळा घोळ उजेडात आला: तेथे अमेरिकन इंडिपेंडंट नावाचा एक छोटा पक्ष आहे, जो वंशविभाजनवादी जॉर्ज वॉलेस यांच्या १९६८ च्या उमेदवारीच्या लाटेत जन्मला, आपण अपक्ष आहोत एवढेच सांगू पाहणाऱ्या असंख्य मतदारांनी नाव पाहून त्याच चौकोनात खूण केली होती, आणि लॉस एंजेलिस टाइम्सने विचारपूस केली तेव्हा त्यांतील बहुसंख्यांस आपण एखाद्या पक्षात आहोत याचा पत्ताच नव्हता.

पक्षाचा उंबरठाच काढून टाकावा, हा तिसरा मार्ग. लुइझियानाने १९७५ पासून सर्व उमेदवार व सर्व मतदार एकाच मतदानात आणले. वॉशिंग्टनने २००८ पासून, कॅलिफोर्नियाने २०१० च्या जनमतानंतर, पहिले दोघे पुढे जावयाचे ही पद्धत घेतली, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. कॅलिफोर्नियाच्या ३१ व्या मतदारसंघात २०१२ साली डेमोक्रॅट मतदार पुष्कळ असूनही त्यांची मते चार उमेदवारांत फुटली, आणि नोव्हेंबरात निवड करावयास उरले दोन रिपब्लिकन! या उपायाविषयी आमचा उत्साह बेताचा का, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे. अलास्काने २०२० मध्ये चौघांस पुढे नेऊन पसंतीक्रमाने मतदान घेण्याचा कायदा केला, आणि २०२४ मध्ये तो अवघ्या काही शे मतांनी रद्द होता होता वाचला. त्याच दिवशी कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, अ‍ॅरिझोना, मोंटाना व दक्षिण डकोटा या राज्यांतील मतदारांनी प्रायमरी खुली करण्याचे प्रस्ताव फेटाळले. लुइझियाना तर काही पदांसाठी २०२६ पासून पुन्हा पक्षीय प्रायमरीकडे वळते आहे.

हा विषय आजच का, याचे कारण मतदारसंघांच्या स्वरूपात आहे. बहुसंख्य मतदारसंघ एका किंवा दुसऱ्या पक्षाचे हुकमी झाले आहेत. तेथे प्रायमरी हीच निवडणूक, आणि तिला येणारे मतदार थोडे. दुसरीकडे गॅलपच्या पाहण्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक नागरिक स्वतःस कोणत्याच पक्षाचे म्हणवीत नाहीत. मराठी वाचकास परिचित असे एक उदाहरण देतो. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. २०२२ च्या ऑगस्टात डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मते मिळवून त्यांनी प्रायमरी जिंकली, आणि नोव्हेंबरात दहांतील सात मते त्यांस मिळाली. त्यांचे काँग्रेसमधील पद ऑगस्टातच ठरले होते. मिशिगनमध्ये पक्षनोंद असती, तर त्या ऑगस्टातील मतदार तेच असते का, हा प्रश्न ठाणेदारांचे चाहते व विरोधक दोघांनीही विचारण्याजोगा आहे.

या पुस्तकात आम्ही निकालांचा इतिहास लिहिलेला नाही. प्रतिनिधींच्या संख्येचे गणित आणि आयोवासारख्या राज्यांतील कॉकस-सभा यांचाही विचार प्रसंगापुरताच केला आहे. नजर ठेवली आहे ती दारावर: नोंदणीचा अर्ज, शपथपत्र, मुदत, हरकत घेण्याची रीत, आणि त्या प्रत्येकामागील भांडण. जेथे मत देणे आवश्यक वाटले तेथे ते दिले आहे. जेथे खर्च सार्वजनिक आहे आणि जेथे प्रायमरीनंतर खरी निवडच उरत नाही, तेथे निदान पक्षविरहित नागरिकास आत घ्यावे, असा आमचा कल वाचकास जागोजाग दिसेल. परंतु पक्षाने आपला उमेदवार प्रतिपक्षाच्या नोंदलेल्या सभासदांकडून निवडून घ्यावा, अशी सक्ती आम्हांस पटत नाही, आणि या दोन मतांच्या सांध्यावर जो ताण पडतो तो आम्ही लपविलेला नाही. खटल्यांच्या विवेचनात कायद्याची परिभाषा शक्य तितकी कमी केली आहे. तरी टेक्ससच्या खटल्यांचा भाग काहींस लांबल्यासारखा वाटेल, तो जाणूनबुजून तसा ठेवला आहे.

अमेरिकेत स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी वाचकांस या पुस्तकाचा व्यावहारिक उपयोगही होईल, कारण वाहन परवान्याच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा कागद पुढे येतो तेव्हा पक्षाचा रकाना बहुतेक जण घाईत सोडून देतात. मात्र नियम वरचेवर बदलतात, आणि येथे दिलेल्या मुदती छापखान्यातून बाहेर पडेपर्यंतही तशाच राहतील अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. तेव्हा मत द्यावयाचे असेल त्याने आपल्या काउंटीच्या निवडणूक कचेरीत दोन गोष्टी अगोदर विचारून घ्याव्यात: दप्तरात आपला पक्ष कोणता लिहिला आहे, आणि तो बदलण्यास शेवटची तारीख कोणती.